वॉर्डातून उपकेंद्राकडे : परिचारिकेची पहिली स्वतंत्र नेमणूक

गतवर्षीच्या दीपावली पाडव्याची गोष्ट. सांगलीच्या मार्केट यार्डात माझ्या थोरल्या बंधूंचे हळदीचे अडत दुकान आहे. मुहूर्ताचे सौदे आटोपले होते, पेढे वाटून झाले होते आणि दादा नेहमीप्रमाणे गादीवर लोडाला टेकून बसले होते. तेवढ्यात दुकानाच्या जुन्या तोलाईदाराची मुलगी वडिलांबरोबर नमस्काराला आली. ती परिचारिका आहे आणि जत तालुक्यातील एका आरोग्य उपकेंद्रात काम करते. तिच्या पिशवीत रक्तदाब मोजण्याचे यंत्र होते. एका हमालाने गमतीने हात पुढे केला आणि पाहता पाहता रांग लागली. शेवटी वहिनींच्या आग्रहास्तव दादांनीही बाही वर सारली.

तिने मात्र लगेच पट्टा बांधला नाही. "काका, आत्ताच चहा घेतलात ना? अर्धा तास थांबू." अर्ध्या तासाने तिने त्यांना गादीवरून उठवून खुर्चीत बसविले. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला, आणि पाच मिनिटे कोणी बोलायचे नाही. दिवाळीच्या दिवशी अडत दुकानात पाच मिनिटे शांतता राखणे ही सोपी गोष्ट नव्हे! तिने थोड्या अंतराने दोनदा मोजले. आकडा १७८ आणि १०४ च्या आसपास राहिला.

दादा हसून म्हणाले, "सणाची धावपळ आहे, दुसरं काय?" ती हसली नाही. पूर्वी कधी गोळी चालू होती का, असे तिने विचारले. दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी रोज रात्री जेवणानंतर घ्यायची गोळी लिहून दिली होती, हे वहिनींनी सांगितले. यावर ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "काका, तुमचा चौविहार असतो ना? मग रात्रीची गोळी कशी घेता?"

दुकानात पुन्हा शांतता पसरली. या वेळी कोणी न सांगता. दादांनी पहिला महिनाभर सूर्यास्तापूर्वी आठवणीने गोळी घेतली होती, मग विसर पडू लागला आणि पुढे ती सुटलीच. नियमाबद्दल डॉक्टरांनी विचारले नव्हते. आपण सांगितले तर 'नियम सोडा' असे म्हणतील, अशा समजुतीने दादांनीही सांगितले नव्हते. दोन वर्षे घरातील आम्ही सर्वजण दादांचा रक्तदाब आटोक्यात आहे असे मानून चाललो होतो.

मुलीने नियम मोडायला सांगितले नाही, स्वतः गोळीही दिली नाही. एका कागदावर तारीख, दोन्ही मोजमापे आणि 'सूर्यास्तानंतर काही घेत नाहीत, पर्युषणात उपवास असतात' एवढे लिहून तो वहिनींच्या हाती दिला. "उद्याच डॉक्टरांकडे जा आणि हा कागद आधी दाखवा," असे तिने बजावले. डॉक्टरांनी कागद वाचला आणि गोळीची वेळ सकाळची केली. मामला इतका साधा होता. वाचकहो, हा प्रश्न विचारण्याचे तिला कोणी शिकविले, या कुतूहलातून हा लेख लिहिला गेला आहे.

या मुलीचा आणि माझा आणखी एक संबंध आहे. मी बँकेत शाखाधिकारी असताना तिचे शैक्षणिक कर्जाचे प्रकरण माझ्याच टेबलावर आले होते. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागायचे नाही असा नियम होता. पालक सहकर्जदार असला की पुरे. नियमात बसणारे ते प्रकरण मी तरीही आठवडाभर रेंगाळत ठेवले. तोलाईदाराची मिळकत मला ठाऊक होती, आणि नर्सिंगच्या पदवीतून हप्ते कसे फिटणार याचे गणित जुळत नव्हते. मनात एक अढीही होती, ती आज लपवीत नाही. आपल्यासारख्या व्यापारी घरांत नर्सिंग हा मुलींनी करायचा व्यवसाय मानला जात नाही. नकळत तोच मापदंड मी दुसऱ्याच्या मुलीला लावत होतो. आठव्या दिवशी मी सही केली.

चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग झाल्यावर तिने एका खासगी रुग्णालयात काही काळ नोकरी केली. पुढे 'समुदाय आरोग्य अधिकारी' या पदासाठीची परीक्षा ती उत्तीर्ण झाली. हे पद आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे नसेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

आपल्याकडील सरकारी आरोग्यव्यवस्थेत सर्वांत खालची पायरी म्हणजे उपकेंद्र. सपाट प्रदेशात साधारण ५००० आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात ३००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असा संकेत आहे. तेथे पूर्वापार एक सहायक परिचारिका आणि एक पुरुष आरोग्यसेवक असत. काम मुख्यतः गर्भवतींची तपासणी, लसीकरण आणि कुटुंबनियोजनाचे. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग हे शहरी श्रीमंतांचे आजार अशी तेव्हा समजूत होती. ती समजूत ढासळली. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने प्राथमिक सेवेचा विस्तार मांडला. १४ एप्रिल २०१८ रोजी छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यातील जांगला येथे पहिल्या 'आरोग्यवर्धिनी केंद्रा'चे उद्घाटन झाले. अशी दीड लाख केंद्रे उभी करण्याचे लक्ष्य होते, आणि २०२३ मध्ये त्यांना 'आयुष्मान आरोग्य मंदिर' हे नाव मिळाले. बाळंतपणापासून वृद्धांच्या शुश्रूषेपर्यंत आणि दातांपासून मानसिक आरोग्यापर्यंत बारा प्रकारच्या सेवा तेथे अपेक्षित आहेत. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब, साखर आणि कर्करोगाची प्राथमिक तपासणी हे त्यातले मोठे काम. प्रत्येक उपकेंद्रात डॉक्टर देणे शक्य नसल्यामुळे तेथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमला जातो. आयुर्वेद पदवीधरांनाही हे पद खुले आहे. परंतु योजनेचा मोठा भरवसा परिचारिकांवर आहे. त्यांच्यासाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आखला आणि जिल्हा रुग्णालयांत त्याची अभ्यासकेंद्रे चालविली. पुढे बी.एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमातच हा भाग आणण्यात आला.

कागदावर हे सारे व्यवस्थित दिसते. प्रत्यक्ष पाहावे म्हणून जानेवारीत मी तिच्या उपकेंद्रावर एक दिवस काढला.

दोन खोल्या, बाहेर ओटा, भिंतीवर तक्ते, कोपऱ्यात औषधांचे कपाट. सकाळी नऊपासून माणसे येत होती. एका म्हाताऱ्याच्या पायावरची जखम तिने धुतली आणि मग साखर तपासली. मावा खाणाऱ्या एका ट्रॅक्टरचालकाला तोंड पूर्ण उघडायला लावून, गालाच्या आत पांढरा चट्टा आहे का हे बॅटरी लावून पाहिले. एका तरुणीच्या बाळाचे वजन केले आणि त्यानंतर बराच वेळ त्या तरुणीलाच झोप लागते का, रडू येते का, असे विचारत राहिली. दोघांसाठी 'ई-संजीवनी'वरून डॉक्टरांशी बोलणे करून दिले. दुपारी गर्दी ओसरल्यावर मी तिला पहिल्या दिवसांबद्दल विचारले.

"वॉर्डात मी हुशार समजली जायचे," ती म्हणाली. "सलाईन, इंजेक्शन, ऑपरेशननंतरची देखभाल, सगळं हातात बसलेलं. पण तिथे डॉक्टर राऊंडला येणार, केसपेपरवर लिहिणार, आपण ते करायचं. काही बिघडलं तर बेल दाबायची. इथे पहिल्या दिवशी एक आजोबा समोर बसले आणि म्हणाले, सांगा बाई, मला काय झालंय. माझी नजर केसपेपर शोधत होती."

हे ऐकून मला माझी पहिली ग्रामीण शाखा आठवली. प्रोबेशनरी अधिकारी म्हणून मी पुस्तके वाचली होती, परिपत्रके पाठ होती. रुजू झाल्यानंतर काही आठवड्यांतच शाखाधिकारी रजेवर गेले आणि किल्ल्या माझ्याकडे आल्या. समोर बसलेला शेतकरी विहिरीसाठी पैसे मागत होता आणि मी परिपत्रकात त्याचा चेहरा शोधत होतो! मला वाचविले ते दोन गोष्टींनी. पहिली, मंजुरीची मर्यादा. किती रकमेपर्यंत मी निर्णय घ्यायचा आणि त्यापुढे प्रकरण वर पाठवायचे, हे काळ्यावर पांढरे लिहिलेले होते. दुसरी, आमचे वयस्कर मुख्य रोखपाल. त्यांना गावातील प्रत्येक घराची पत ठाऊक होती.

परिचारिकेच्या पहिल्या नेमणुकीतही याच दोन गोष्टींवर सारे अवलंबून असते. मर्यादेचा भाग तिला प्रशिक्षणात बऱ्यापैकी शिकविला गेला होता. कोणती लक्षणे दिसल्यास स्वतः काही न करता लगेच पुढे पाठवायचे, याची यादी तिला तोंडपाठ आहे. दुसऱ्याच आठवड्यात एक मध्यमवयीन शेतकरी बाई 'पित्त झालंय, छातीत जळजळते' म्हणून आली. चेहऱ्यावर घाम होता, आणि जानेवारीच्या थंडीतला घाम तिला पटला नाही. तिने प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन केला, १०८ ची रुग्णवाहिका बोलावली आणि ती येईपर्यंत त्या बाईजवळून हलली नाही. तो हृदयविकाराचा झटका होता. महिनाभराने ती बाई पिशवीभर भुईमुगाच्या शेंगा घेऊन आपल्या पायांनी उपकेंद्रात आली.

रोखपालाचा भाग मात्र तिला कोणी शिकविला नव्हता. त्याची किंमत एका माणसाने मोजली.

ही हकीकत सांगताना तिने कपाटातून एक कार्ड काढून माझ्यापुढे ठेवले. साठीचे एक शेतकरी. रक्तदाब वाढलेला, डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी सुरू, रात्री एक. ते दर महिन्याला येऊन गोळ्या नेत, ती नोंद करी, आणि आकडा मात्र उतरत नसे. तिने मीठ कमी करायला सांगितले, तंबाखू सोडायला सांगितले. डॉक्टरांना विचारून गोळीचे प्रमाण वाढविले. एके पहाटे त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. घरी भेटायला गेल्यावर फळीवर गोळ्यांच्या न उघडलेल्या पट्ट्या दिसल्या. शेतीपंपाची वीज रात्रीची असल्यामुळे ते संध्याकाळीच भाकरी बांधून शेतावर जात, पाणी पाजून पहाटे परतत. गोळ्या घरी आणि माणूस शेतात. आणून दिलेल्या गोळ्या परत कशा करायच्या, बाईंना वाईट वाटेल, म्हणून ते काही बोलले नव्हते.

"आमच्या जुन्या सिस्टरना हे माहीत होतं," ती म्हणाली. "ते रात्री शेतावर असतात हे त्यांना गेली वीस वर्षं माहीत होतं. मी त्यांना कधी विचारलंच नाही."

या जुन्या सिस्टर म्हणजे त्या उपकेंद्रातील सहायक परिचारिका. त्या वयाने आणि अनुभवाने मोठ्या, सेवेत कायम. ही मुलगी वयाने लहान, कंत्राटी, आणि पदाने मात्र वरची. पहिले काही महिने दोघींमध्ये कामापुरतेच बोलणे होते. रुजू होताना कार्यालयात जी ओळखबैठक झाली तिचा बहुतेक वेळ मोबाईलवरील नोंदी कशा भरायच्या यात गेला. ज्या बाईंबरोबर रोज काम करायचे त्यांच्यासोबत आठ दिवस घरोघर फिरून या, असे कोणी सांगितले नाही. पक्षाघाताच्या त्या प्रसंगानंतर ती स्वतःहून सिस्टरांच्या मागे गावात हिंडू लागली. कोणाचा नवरा पितो, कोण ऊसतोडीला सहा महिने बाहेर असतो, कोणाच्या घरी सासू सुनेला दवाखान्यात जाऊ देत नाही, हे तिला तेव्हा कळले. तेव्हापासून गोळी देताना ती प्रत्येकाला एकच विचारते : ही कुठे ठेवणार, आणि कधी, कुणासमोर घेणार? पाडव्याला दादांना विचारलेला प्रश्न त्या कार्डातून आला होता.

ते कार्ड तिने अजून कपाटात समोरच ठेवले आहे. त्या गृहस्थांकडे ती दर पंधरवड्याला जाते. आता त्यांना काठीच्या आधाराने ओट्यापर्यंत येता येते.

माझ्यातील बँकवाल्याला तिची आणखी एक वही फार आवडली. महिन्यात गोळ्या न्यायला जे आले नाहीत त्यांची ती यादी. आम्ही थकबाकीदारांची अशीच यादी करीत असू आणि वसुलीला निघत असू. फरक इतकाच, की आमचा थकबाकीदार आम्हाला पाहून मागच्या दाराने जाई, तर इथे माणूस बहुधा घरीच सापडतो आणि चहाही देतो. रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला आणि ज्यात महाराष्ट्रातून आपल्या शेजारचा सातारा जिल्हा पहिल्याच टप्प्यात होता, त्याचाही आधार हाच आहे : ठरलेली औषधे, उपकेंद्रापर्यंत पुरवठा, आणि न आलेल्या माणसाचा पाठपुरावा. व्यापारी घरातील वाचकांना यात नवे काही वाटणार नाही. उधारीची वही ज्याने सांभाळली आहे त्याला पाठपुराव्याचे महत्त्व सांगावे लागत नाही.

नव्या परिचारिकेला एकटे सोडू नये, हे शहाणपण जुने आहे. त्याच्या मुळाशी एक व्यापारी आहे. १८५९ मध्ये इंग्लंडमधील लिव्हरपूलचे व्यापारी व जहाजमालक विल्यम रॅथबोन यांच्या पत्नीचे आजारपणात निधन झाले. तिची शुश्रूषा मेरी रॉबिन्सन या परिचारिकेने केली होती. पैसा असलेल्या घरात अशी सेवा मिळते, मग गरिबाच्या घरात आजाऱ्याचे काय होत असेल, या विचाराने रॅथबोन यांनी तीन महिन्यांचा पगार देऊन तिला शहरातील गरीब वस्तीत घरोघर जाण्यासाठी नेमले. रुग्णालयात आणि श्रीमंत घरात मुरलेली ती बाई थोड्याच दिवसांत परत आली आणि मला मोकळे करा म्हणाली. ते दारिद्र्य तिला सोसवेना. रॅथबोन यांनी तिला धीर दिला, लागणारे साहित्य पुरविले, आणि ती टिकली. पुढे अशा परिचारिका पुरेशा मिळेनात, तेव्हा त्यांनी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा सल्ला घेतला आणि १८६२ मध्ये लिव्हरपूलच्या रुग्णालयात प्रशिक्षणशाळा सुरू करण्यास साहाय्य केले. घरोघर जाणाऱ्या परिचारिकांच्या संघटित सेवेचा हा आरंभ मानला जातो. आज ब्रिटनमध्ये नव्याने नोंदणी झालेल्या परिचारिकेला सुरुवातीचा काळ एका अनुभवी सहकाऱ्याच्या आधाराने काढता यावा, अशी रीतसर पद्धत आहे.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये काम सुरू केले. गावातील कमी शिकलेल्या, काही निरक्षर स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडविले. त्यांचे प्रशिक्षण एकदाच देऊन संपविले नाही. त्या ठरलेल्या दिवशी पुनःपुन्हा केंद्रावर येत, गावात काय घडले ते सांगत, कुठे चुकले ते एकमेकींकडून शिकत आणि परत जात. सहा महिने शिकवून प्रमाणपत्र देणे आणि अशी नित्याची बैठक ठेवणे, यांत दुसरी गोष्ट खूपच स्वस्त आहे असे माझ्यातील हिशेबनीस सांगतो. लागते ती एक खोली, एक अनुभवी व्यक्ती, जाण्यायेण्याचे भाडे आणि महिन्यातला एक दिवस, ज्यात मोबाईलवरील नोंदींचा विषय काढायचा नाही.

या हिशेबाचे कारण असे की आमच्या एका धर्मादाय शिष्यवृत्ती निधीच्या समितीवर मी काम करतो. औषधदानाची परंपरा आपल्याकडे मोठी आहे, आणि आपले दातेही उदार आहेत. परंतु देणगी इमारतीला, यंत्राला, रुग्णवाहिकेला चटकन मिळते, कारण तेथे फलक लावता येतो. गेल्या बैठकीत मी दोन प्रस्ताव ठेवले. नर्सिंग शिकणाऱ्या मुलींना, त्या कोणत्याही समाजाच्या असोत, शिष्यवृत्ती द्यावी; आणि तालुक्यात नव्याने रुजू झालेल्या परिचारिकांची एका निवृत्त अनुभवी परिचारिकेसोबत वर्षभर दरमहा बैठक व्हावी, तिचा खर्च निधीने उचलावा. त्याला आरोग्य विभागाची परवानगी लागेल, ती मागता येईल. एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, "आपल्या मुली नर्सिंगला जातात कुठे?" दुसऱ्यांनी विचारले, "यात आपल्या समाजाला काय?" दोन्ही प्रश्न प्रामाणिक होते. पहिल्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते, आणि त्याची मला खंत आहे. दुसऱ्या प्रश्नावर मी पाडव्याची हकीकत सांगितली. दादा समितीतील बहुतेकांना ओळखीचे आहेत. काही वेळ कोणी बोलले नाही. मग एकांनी हळूच विचारले, "ती मुलगी आमच्या पेढीवर येईल का एखाद्या रविवारी?"

मी तिला फोनवर ही विनंती कळविली. ती म्हणाली, "येईन, काका. पण मी मोजून गेल्यावर त्यांना पुढे कोण विचारणार? त्यांच्या जवळच्या दवाखान्यातल्या सिस्टरशी आधी गाठ घालून द्या."

तिचे कर्ज मुदतीआधी फिटले आहे. दादा आता रोज सकाळी गोळी घेतात. आठवड्यातून एकदा रक्तदाब मोजून तो रोजमेळाच्या शेवटच्या पानावर तारीखवार लिहितात. गेल्या सोमवारचा आकडा १३८ आणि ८४ होता. पर्वतिथीला हिरवी भाजी नसते म्हणून पानात वाढणारे पापड-लोणचे वहिनींनी कमी केले आहे, त्यावर मात्र त्यांची कुरकुर चालू असते. माझे दोन्ही प्रस्ताव समितीच्या पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर सातव्या क्रमांकावर आहेत. सहाव्या क्रमांकावर वसतिगृहाच्या कुंपणभिंतीची दुरुस्ती आहे.